अ‍ॅनिमेशनपट, त्यांचे पुढचे भाग आणि ‘खरा सुवर्णकाळ’ : रविवारच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी वेताळ टेकडी उतरून आम्ही काही जण लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला चहाला थांबतो. अकरावीतल्या मुलीपासून निवृत्त काकांपर्यंत सगळ्या वयाची माणसं आहेत, पण विषय एकच. कुठल्या स्टुडिओचे कुठले दिवस सर्वात चांगले होते, आणि कुठल्या सिनेमाचा दुसरा भाग यायलाच नको होता. नवीन माणूस येतो तेव्हा पहिला कप संपायच्या आत ठरलेले प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मतं माझी आहेत. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना ती पटत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं जिथे वजनदार वाटलं तिथे तेही लिहिलं आहे.

मोठी माणसं कार्टूनवर इतका वाद का घालतात?

कारण अ‍ॅनिमेशनमध्ये आपोआप काहीच घडत नाही. नेहमीच्या सिनेमात नटी उभी राहिली की वाऱ्याने तिची बट उडते आणि छायाचित्रकाराला ती फुकटात मिळते. इथे ती बट उडावी, किती उडावी आणि कधी थांबावी हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. एका सेकंदाला २४ चौकटी. ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मधल्या सली या केसाळ राक्षसाच्या अंगावर २३ लाखांहून जास्त केस होते, आणि तो चालला की ते हलायला हवेत, बर्फात पडला की त्यांवर बर्फ साचायला हवा.

म्हणून एखादं पात्र क्षणभर गप्प बसतं तेव्हा ती शांतताही कुणीतरी घडवलेली असते. सवाई गंधर्वहून परतताना लोक रिक्षात बसून एकेका जागेबद्दल बोलतात ना, तसं आम्ही त्या शांततेबद्दल बोलतो. ‘कार्टून’ हा शब्द आम्हाला खटकत नाही, निःसंकोच वापरा.

पिक्सारचा सुवर्णकाळ नेमका कोणता?

पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओबद्दल कट्ट्याचे तीन तट आहेत. एक म्हणतो १९९५ ते २००४, म्हणजे पहिल्या ‘टॉय स्टोरी’पासून ‘द इन्क्रेडिबल्स’पर्यंत. दुसरा म्हणतो १९९५ ते २०१० सगळाच. तिसऱ्यात मी आहे : २००७ ते २०१०. ‘रॅटटुई’, ‘वॉल-ई’, ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’. ओळीने चार वर्षं चार सिनेमे, चौघांनाही सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर, आणि त्यातले शेवटचे दोन सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य यादीतही होते.

पण माझं मत बक्षिसांवर उभं नाही. त्या सिनेमांचे विषय एकदा मोठ्याने म्हणून बघा. पॅरिसच्या हॉटेलात उंदराला स्वयंपाक करायचा आहे. ओसाड पृथ्वीवर कचरा दाबणारं एक यंत्र आहे आणि बराच वेळ पडद्यावर कुणी बोलतच नाही. ७८ वर्षांच्या विधुर आजोबांना घर फुग्यांना बांधून न्यायचं आहे. पैसे घालणाऱ्या कुणाही माणसाने यातला एकही विषय पहिल्या बैठकीत बाजूला ठेवला असता. स्टुडिओ भरात आहे हे मी यावरून ओळखते. जे सिनेमे कुणी मागितले नव्हते ते तो करत असतो, आणि पाहिल्यावर वाटतं की हेच आपल्याला हवं होतं.

१९९५ पासून मोजणाऱ्यांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. १९९४ साली, पहिला ‘टॉय स्टोरी’ पूर्ण व्हायच्या आधी, पिक्सारचे कथाकार-दिग्दर्शक जॉन लॅसेटर, अँड्र्यू स्टँटन, पीट डॉक्टर आणि जो रॅन्फ्ट जेवायला बसले होते. ‘अ बग्ज लाइफ’, ‘मॉन्स्टर्स, इन्क.’, ‘फाइंडिंग नेमो’ आणि ‘वॉल-ई’ या चारही कल्पना त्या जेवणात निघाल्या असं स्टँटन सांगतात. मग पुढची चौदा वर्षं स्टुडिओ एका जेवणावर जगला, खरी सुपीक वर्षं तीच, असं आमचे काका म्हणतात. मला हे अर्धं पटतं. बी तेव्हाचं होतं हे खरं, पण ‘वॉल-ई’सारखं बी १९९६ ला पेरलं असतं तर उगवलं नसतं. ते पेलणारे हात तयार व्हायला तेवढी वर्षं लागली.

‘टॉय स्टोरी २’च्या फायली उडाल्या होत्या ही गोष्ट खरी का?

खरी आहे. १९९८ साली कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि बघता बघता सिनेमाचा बहुतेक भाग संगणकावरून नाहीसा झाला. राखीव प्रतही नीट निघत नव्हती. गॅलिन सुसमन या तांत्रिक विभागातल्या बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून गाडीतून आणला आणि सिनेमा वाचला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, पण मोठी गोष्ट त्याच्या पुढे आहे. हा सिनेमा आधी थेट व्हिडिओवर यायचा होता. नंतर तो थिएटरसाठी ठरला, आणि मग स्टुडिओतल्या मुख्य मंडळींनी पाहिल्यावर तो चांगला नाही असं त्यांना वाटलं. इतक्या धडपडीने वाचवलेल्या सिनेमाचा मोठा भाग त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आणि सुमारे नऊ महिन्यांत तो नव्याने केला. ‘रॅटटुई’चंही तेच. यान पिन्कावा यांनी सुरू केलेला सिनेमा मध्येच ब्रॅड बर्ड यांच्याकडे आला आणि पटकथा पुन्हा लिहिली गेली.

झालेलं काम टाकून द्यायची हिंमत, हे माझ्या मते चांगल्या काळाचं दुसरं लक्षण. मात्र त्या नऊ महिन्यांत कित्येकांचे हात आणि मनगटं कामाने दुखावली. या सिनेमावर प्रेम करणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवायला हवं.

मग २०१० नंतर पिक्सारने काहीच चांगलं केलं नाही?

असं कुणी म्हटलं तर मी उठून भांडते. ‘इनसाइड आउट’ २०१५ चा, ‘कोको’ २०१७ चा. ‘कोको’ पाहून आल्यावर आमच्यातले दोन जण पितृपक्षाबद्दल तासभर बोलत होते. गेलेल्या माणसाची आठवण काढणारं कुणी उरलं नाही की काय होतं, हे मराठी घरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फरक आकड्यांत दिसतो. १९९५ ते २०१० या काळात ११ सिनेमे आले, त्यात पुढचे भाग फक्त दोन. २०११ ते २०१९ या काळात १० आले, त्यात सहा कुठल्या ना कुठल्या जुन्या सिनेमाचे मागचे-पुढचे भाग होते. ‘कार्स २’ हा ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन यादीत नाव न आलेला पिक्सारचा पहिला सिनेमा ठरला. नंतर महामारीत ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ अमेरिकेत थेट घरच्या पडद्यावर गेले. ‘लुका’तलं पाणी मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

कट्ट्यावरची कॉमर्सची मुलगी म्हणते, आपण दहा वर्षांचे असतो तोच सगळ्यांचा सुवर्णकाळ. तिचा ‘इनसाइड आउट’, माझा ‘नेमो’. यात तथ्य आहे, पण सगळं नाही. १९८८ चा जपानी ‘माय नेबर टोटोरो’ मी पहिल्यांदा सत्ताविसाव्या वर्षी पाहिला. पावसात बसथांब्यावर मुली उभ्या आहेत आणि शेजारी टोटोरो हा रानातला मोठा केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, त्या प्रसंगाने मला जे दिलं त्यात लहानपणाच्या आठवणीचा वाटा नव्हता.

सिक्वेल पैशासाठीच काढतात ना?

पैशासाठी तर पहिला भागही काढतात. २०२४ च्या ‘इनसाइड आउट २’ने जगभरात १.६ अब्ज डॉलरच्या वर कमाई केली, आणि तरी तो चांगला सिनेमा आहे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

माझी कसोटी एक आहे. पहिल्या भागात विचारताच आला नसता असा प्रश्न दुसरा भाग त्याच पात्राला विचारतो का? पहिल्या ‘टॉय स्टोरी’त वुडी या खेळण्याची भीती अशी, की माझी जागा दुसरा घेईल. दुसऱ्यात ती खोल जाते : मूल मोठं होणारच, हे माहीत असून तू त्याच्याकडे परत जाशील, की संग्रहालयाच्या काचेमागे कायमचा सुरक्षित राहशील? ‘श्रेक’मध्ये लग्न होतं, ‘श्रेक २’मध्ये सासुरवाडी येते. जेवणाच्या टेबलावर सासरे आणि जावई एकमेकांकडे बघतात तो प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही पहिल्या दिवाळसणाचा वाटतो. ‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’मध्ये नऊपैकी आठ जीव संपले आहेत आणि बढाईखोर मांजराला पहिल्यांदा मरणाची भीती वाटते. ‘इनसाइड आउट २’मध्ये रायली ही मुलगी तेरा वर्षांची झाली आणि तिच्या डोक्यातल्या भावनांच्या घरात चिंता शिरली. हे सगळे कसोटीला उतरतात.

‘कार्स २’ उतरत नाही, कारण त्यात मॅक्वीन या मुख्य गाडीला विचारायला प्रश्नच नाही. तो बाजूला होतो आणि त्याच्या मित्राची, मेटरची हेरकथा सुरू होते. २०२४ चा ‘मोआना २’ आधी घरच्या पडद्यासाठी मालिका म्हणून आखला होता, नंतर त्याचा सिनेमा केला. तुकडे जोडलेले कळतात. समुद्र ओलांडून गेलेल्या त्या मुलीची पुढची भीती काय, हे मला अख्ख्या सिनेमात सापडलं नाही.

सर्वात जास्त भांडण ‘इन्क्रेडिबल्स २’वरून होतं. तो १४ वर्षांनी आला आणि पहिला भाग जिथे संपला त्याच क्षणापासून सुरू झाला. आम्ही चौदा वर्षांनी मोठे झालो, ती मुलं मात्र एका मिनिटानेही नाही. मला ती संधी वाया गेल्यासारखी वाटते. समोरची बाजू म्हणते, इलास्टीगर्लचा मोटरसायकलवरून आगगाडीमागे धावण्याचा प्रसंग बघ आणि मग बोल. तो प्रसंग अप्रतिम आहे, हे मी मान्य करते.

डिस्नेच्या त्या व्हिडिओवरच्या दुसऱ्या भागांचं काय?

१९९४ ला ‘अल्लादीन’चा दुसरा भाग थेट व्हिडिओवर आला, चांगला खपला, आणि मग ‘सिंड्रेला’, ‘बॅम्बी’ सगळ्यांचे भाग निघाले. २००६ मध्ये डिस्नेने ७.४ अब्ज डॉलरला पिक्सार घेतलं, त्यानंतर पिक्सारचे एड कॅटमल आणि लॅसेटर यांनी ही प्रथा बंद केली. बरं झालं.

‘टॉय स्टोरी’ तिसऱ्या भागावर थांबायला हवी होती का?

नऊ वर्षं माझं उत्तर ‘हो’ होतं.

२०१० साली आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायचा ठरला आणि सामान काढताना माळ्यावरून माझ्या भातुकलीची पत्र्याची पेटी निघाली. पितळी पातेली, पोळपाट, एवढासा बंब. आई म्हणाली, समोरच्यांच्या छोटीला देऊया. मी मोठी होते, तरी दिली नाही. पुढच्याच आठवड्यात ‘टॉय स्टोरी ३’ पाहिला. शेवटी खेळण्यांचा मालक, आता मोठा झालेला अँडी, छोट्या बॉनीसमोर अंगणात बसतो, एकेक खेळणं हातात घेऊन त्याचं नाव सांगतो, आणि वुडी द्यायची वेळ येते तेव्हा त्याचा हात नकळत मागे जातो. तो मागे गेलेला हात मी आयुष्यभर विसरणार नाही. घरी येऊन भातुकली त्या छोटीला दिली, आणि बंब कसा पेटवायचा तेही दाखवलं.

यापुढे काही सांगायची गरज नाही असंच मला वाटत होतं. म्हणून २०१९ ला चौथा भाग आला तेव्हा मी रागानेच गेले. त्याच वर्षी आई निवृत्त झाली होती आणि आम्ही दोघंही भावंडं घराबाहेर होतो. वुडी कपाटात पडून असतो, त्याला खेळायला कुणी घेत नाही, तरी तो बॉनीसाठी धडपडत राहतो, कारण दुसरं काही करायचं त्याला माहीतच नाही. आई घरात रोज चार माणसांचा स्वयंपाक करत होती. मला एकदम कळलं की तिसरा भाग अँडीचा होता आणि चौथा वुडीचा आहे. वाढवण्याचं काम संपल्यावर त्या माणसाचं स्वतःचं काय, हा प्रश्न आधीच्या तीन भागांत विचारताच आला नसता. माझ्याच कसोटीला तो उतरला, म्हणून मी मत बदललं.

काकांना हे अजिबात मान्य नाही. वुडी बॉनीला सोडून जातो, म्हणजे मूल आधी हा त्याचा आयुष्यभराचा धर्म तो सोडतो, असं त्यांचं म्हणणं. या मुद्द्यावर आमचे तीन रविवार गेले आहेत.

डिस्नेचा सर्वोत्तम काळ कोणता?

बहुतेक जण १९८९ ते १९९९ सांगतात, ‘द लिटल मर्मेड’ ते ‘टार्झन’. मी तो १९९४ ला, ‘द लायन किंग’पाशी संपवते. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन मार्च १९९१ मध्ये गेले, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ प्रदर्शित होण्याआधी. गाणं कथा थांबवण्यासाठी नसून ती पुढे नेण्यासाठी असतं, ही त्यांची शिस्त होती. संगीत नाटकावर वाढलेल्या पुणेकराला ती लगेच ओळखू येते. त्यांच्यानंतरच्या सिनेमांत चांगली गाणी आहेत, पण ती शिस्त हळूहळू सुटत गेली.

१९३७ ते १९४२ चा काळ याहून मोठा मानणारेही आहेत : ‘स्नो व्हाइट’, ‘पिनोकिओ’, ‘फँटेशिया’, ‘डम्बो’, ‘बॅम्बी’. रेखाटनाचाच विचार केला तर ते बरोबर आहेत. ‘पिनोकिओ’तला देवमासा १९४० मध्ये हाताने काढला आहे, हे बघताना विश्वास बसत नाही.

जिब्लीत पुढचे भाग का नसतात?

जिब्ली हा ‘टोटोरो’ करणारा जपानी स्टुडिओ. तिथे दिग्दर्शकाला जे नव्याने सुचतं त्यावर सिनेमा उभा राहतो. २००२ चा ‘द कॅट रिटर्न्स’ जुन्या सिनेमाशी नातं सांगतो, तेवढंच. तिथे काळांची वाटणीही जमत नाही, कारण एकाच छताखाली मियाझाकी आणि ताकाहाता असे दोन वेगळ्या स्वभावांचे दिग्दर्शक होते. १६ एप्रिल १९८८ ला ‘टोटोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ एकाच खेळात जोडून दाखवले गेले. एक पाहून माणूस हसत उठतो, दुसरा पाहून बराच वेळ उठवत नाही. मग त्या वर्षाला कुठल्या काळात घालायचं?

हिंदी डब बघावा की मूळ भाषेत?

लहान मुलांबरोबर असाल तर डब. नव्वदीत दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ हिंदीत बघूनच आमच्यापैकी बरेच जण इथवर आले. जपानी सिनेमा मात्र मोठ्यांनी मूळ आवाजात बघावा, आणि आवडला तर पुन्हा बघावा, कारण पहिल्या वेळी डोळे खालची अक्षरं वाचण्यात जातात आणि चित्र निसटतं.

आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनबद्दल तुम्ही बोलत नाही का?

बोलतो, आणि जास्त तळमळीने बोलतो. व्ही. जी. सामंत यांचा २००५ चा ‘हनुमान’ थिएटरात चालला तेव्हा वाटलं होतं, आता रांग लागेल. २००७ ला अनुराग कश्यप यांनी ‘रिटर्न ऑफ हनुमान’ केला. देव आजच्या काळात मारुती नावाचा शाळकरी मुलगा होऊन येतो. कसोटीच्या दृष्टीने हा धाडसी दुसरा भाग होता. पुराणातल्या पात्राला त्याने आजचा प्रश्न विचारला. त्या वाटेने पुढे फार कुणी गेलं नाही.

युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचं भारत-जपान मिळून केलेलं १९९३ चं रामायण जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरात आलं, आणि त्याच वर्षी जुलैत ‘महावतार नरसिंह’ आला आणि तुफान चालला. अवतारांची पुढची मालिकाही जाहीर झाली आहे. माझी इच्छा इतकीच, की पुढचा प्रत्येक अवतार आधीच्यापेक्षा वेगळ्या रेषेत दिसावा. आपल्याकडे वारली आहे, चित्रकथी आहे. सगळ्यांनी एकाच साच्यातले फुगीर दंड का काढावेत?

या सगळ्याशी पुण्याचा काय संबंध?

‘स्टुडिओचे खरे दिवस कोणते’ हे भांडण पुण्यात पिक्सारच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. १९२९ ला कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. आम्ही चहा पितो तिथून तिची जागा जवळच आहे. १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. याच प्रभातने तीसच्या दशकात ‘जंबू काका’ नावाचं कार्टून केलं होतं, हे नव्या माणसाला सांगताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

वाद असा : प्रभातचे दिवस म्हणजे शांतारामबापूंचे दिवस का? ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ त्यांचे. १९४२ मध्ये ते बाहेर पडले. पण ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांचा, आणि ‘रामशास्त्री’ १९४४ चा, म्हणजे बापू बाहेर पडल्यानंतरचा. काकांच्या वडिलांची पिढी यावर बोलायची, आम्ही लॅसेटर सोडून गेल्यानंतरच्या पिक्सारवर बोलतो. प्रभातकडे बघून मला एवढं उमगलं आहे की काळ पाटीवरच्या नावाचा नसतो, एका खोलीत बसून एकमेकांचं काम खोडू शकणाऱ्या चार-पाच माणसांचा असतो. ती माणसं पांगली की पाटी तीच राहते. म्हणून आम्ही वर्षांची यादी करताना कोण कधी आलं आणि कधी गेलं तेही लिहितो.

वाद घालायचे काही नियम आहेत का?

सिनेमा पूर्ण पाहिलेला असावा. कमाईचा आकडा गुणवत्तेचा पुरावा म्हणून चालत नाही, अपयशाचाही नाही. ‘मुलांसाठीच तर आहे’ हे वाक्य कुणीही बोलायचं नाही. मुलांसाठी आहे म्हणून तर जास्त नीट असायला हवं.

मुलांना आणलं तर चालेल?

जरूर आणा. त्यांचं मत आधी ऐकतो.

मी फारसं काही पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

‘टॉय स्टोरी’चे पहिले तीन भाग क्रमाने बघा, पण दर दोन भागांत निदान महिन्याचं अंतर ठेवा. आम्हाला ते अंतर वर्षांचं मिळालं होतं. मग ‘टोटोरो’, एखाद्या पावसाळी दुपारी. मग ‘रॅटटुई’, आणि त्यात तो कडक समीक्षक पहिला घास तोंडात घालतो तो क्षण दोनदा बघा. एवढं झालं की रविवारी साडेआठच्या सुमाराला या. चौथ्या भागाबद्दल काकांना आधी विचारा, मला नंतर.